काकडीला दाखवलेलं बोट

१९ जुलै

आज आवडीकाकी विहिरीवर सगळ्यांच्या देखत म्हणाली की वैशालीचं बोट वाईट हाय, तिने दाखवलं आणि काकड्या सडल्या. मी कळशी भरत होते. भरलेली कळशी तिच्या पायांवर ओतावी असं मनात आलं होतं, पण पाणी मीच शेंदलेलं, फुकट कशाला घालवू? उचलली आणि आले. घरी येईपर्यंत रागाने कान तापले होते, म्हणून लिहायला बसले. बिरवाडीच्या खोलीत होते तेव्हा लिहायची सवय होती. दीपेश सेकंड शिफ्टला गेला की तेवढाच उद्योग. इथे येऊन सुटली होती.

झालं ते असं. मे महिन्यात मी बिरवाडी सोडून वाडीवर आले. कापड्याच्या वर आमची वाडी, निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबईला. आमच्या घरात सासूबाई आणि माझी धाकटी जाऊ अक्षदा. अक्षदाला दिवस गेलेत आणि तिचा नवरा राहुल मुंबईला, म्हणून घरात कोणीतरी हवं होतं. दीपेशला कंपनी सोडून येता येईना. मी म्हटलं मी जाते, पण नुसती बसून राहणार नाही. घरामागच्या तुकड्यात बांबू रोवून काकडीचा मांडव घातला. खड्डे मी खणले, शेण मी वाहिलं. वेल असे चढले की रस्त्याने जाणारा थांबून बघायचा. पहिल्या काकड्या धरल्या तेव्हा मला राहवलं नाही, एकेकीला बोट दाखवत मोजायला लागले. कुंपणापलीकडे आवडीकाकी उभी होती. दीपेशची चुलत काकी ती, तिचाही काकडीचाच मांडव. म्हणाली, अगो बोट वाकडं कर, कवळ्या काकडीला सरळ बोट दाखवलं की ती सडते. मी हसले आणि मुद्दाम सरळ बोटाने सगळ्या मोजल्या.

आठवड्यात निम्म्या काकड्या वाकड्या झाल्या, टोकाकडून पिवळ्या पडल्या आणि हात लावताच गळाल्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आवडीकाकीच्या मांडवावरही तेच झालंय. तिच्या काकड्यांकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं, पण ती म्हणते इकडून तिकडे जातं. माझं बोट आहे की साथीचा रोग?

२१ जुलै

सासूबाईंनी आज नजर काढली. इथली रीत अशी, की जी काकडी बोटाने सडली तीच वेलावरून तीनदा ओवाळायची आणि त्याच वेलाच्या बुंध्याशी मातीत ठेवून द्यायची. ज्याची नजर त्याच्या पायाशी. टोपलीभर सडक्या काकड्या त्यांनी बुंध्याबुंध्याशी ठेवल्या, वर हळदकुंकू. पलीकडे आवडीकाकीही तेच करत होती. सडल्याच होत्या, कुठे का पडेनात.

मग सासूबाई मला म्हणाल्या, कापड्याला जाऊन चहापूड आण. चहापूड डब्यात अर्धी होती. गेले, आले, तर अक्षदाच्या केसांत गजरा आणि पदरात नारळ. चोरओटी भरून झालेली. पाचव्या महिन्यात गुपचूप भरतात हे मला ठाऊक आहे, पण ते गावापासून गुपचूप. थोरल्या जावेपासून लपवतात असं कधी ऐकलं नाही. जाऊ दे. मला त्या ओवाळाओवाळीची कधी हौस नव्हती. घरात चहापूड तेवढी जास्त झाली.

अक्षदाने संध्याकाळी हाक मारली, ताई, इकडे ये, बस ना माझ्याजवळ. मी पावसात भिजलेली होते, ओल्या कपड्यांनी गर्भारशीजवळ कशाला बसायचं, म्हणून गेले नाही.

२६ जुलै

एक सडकी काकडी आज विळीवर उभी चिरली. आत तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्यातल्या एकीने अंगाची कमान केली आणि टुणकन उडी मारून पडवीत पडली. मागोमाग दुसरी. मी एवढ्याने किंचाळले की सासूबाई धावत आल्या. म्हटलं, आई, हे बघा माझं बोट. त्या म्हणाल्या, सडलं की किडे पडायचेच, त्यात काय नवल.

ते तर खरंच. सडली म्हणून किडे पडले की किडे पडले म्हणून सडली, हे कळल्याशिवाय मी आता गप्प बसायची नाही.

२८ जुलै

दोन दिवस सकाळी मांडवात टोपली पालथी घालून बसत होते, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. डासांनी पाय फोडून काढले. आज ती सापडली. गांधीलमाशीची धाकटी बहीण शोभेल अशी माशी. अंग तांबूस, पाठीवर पिवळ्या रेघा, पंखांवर करडा डाग. जून काकड्यांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. टोकाला अजून फूल चिकटलेलं आहे अशी बोटभर कोवळी काकडी निवडली, तिच्यावर इकडून तिकडे फिरली, एका जागी थांबली आणि मागचं टोक सालीत खुपसलं. सुई टोचतात तसं. मग उडाली आणि बांधावरच्या मक्याच्या पानाखाली सावलीला जाऊन बसली, काम उरकलेल्या बाईसारखी. टोचलं होतं तिथे डिंकासारखा थेंब आला. तसे थेंब मी आधीही पाहिले होते, मला वाटायचं वेलाला चीक येतो.

मी ओरडतच घरात गेले. सासूबाईंना हाताला धरून आणलं, थेंब दाखवला, मक्याखालची माशी दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून अगदी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "माशी पण नजरेनंच येते."

रात्री अक्षदा आमटी वाढताना हळूच म्हणाली, ताई, मला उद्या दाखव ती माशी. मी म्हटलं, चिखल आहे, घसरशील.

३१ जुलै

पोलादपूरला जाऊन आले. कृषी खात्याच्या अंकिता मॅडम भेटल्या. वयाने अक्षदाएवढी पोरगी, पण ऐकून घेतलं नीट. म्हणाल्या, ही फळमाशी. कोवळ्या फळात अंडी घालते. अळ्या आतून फळ खातात, मोठ्या झाल्या की उडी मारून बाहेर पडतात आणि मातीत शिरतात. तिथे कोष होतो, आठ-दहा दिवसांत त्यातून नवी माशी. एक सापळाही दिला, आत वासाची वडी असते. त्यात नुसते नर येऊन पडतात, माद्या येत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे माणसांसारखंच. त्या हसल्या.

मग त्यांनी विचारलं, सडकी फळं तुम्ही कुठे टाकता?

बुंध्याशी. हळदकुंकू वाहून, तीनदा ओवाळून, बरोबर मऊ मातीत. त्या माशीला बाळंतपणाला याहून चांगली जागा कुठे मिळाली असती? आम्हीच पाळणा बांधून दिला होता.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आता तरी पटेल. त्या म्हणाल्या, माझ्या सासूने केलं, तिच्या सासूने केलं, तू चार बुकं शिकून आमची रीत मोडायला निघालीस. मी म्हटलं, तुमच्या सासूच्याही काकड्या सडतच असतील. हे बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं.

३ ऑगस्ट

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

उजाडता उजाडता उठले आणि आमच्या मांडवातल्या बुंध्याशी ठेवलेल्या सगळ्या काकड्या वेचल्या. खताच्या रिकाम्या गोणीत भरून तोंड घट्ट आवळलं, अळ्या आतल्या आत मरतात असं मॅडम म्हणाल्या होत्या. मग मनात आलं, माझं साफ करून काय उपयोग? आवडीकाकीच्या मांडवातून माशी इकडे येणारच. तिला विचारलं तर ती सात जन्मांत हो म्हणणार नाही. कुंपण ओलांडलं आणि तिच्याही वेचायला लागले. निम्म्या वेचून झाल्या असतील, मागे बघते तर काकी हातात तांब्या घेऊन उभी.

मी काय दिसत असेन तेही कळतं मला. अर्धवट उजेड, केस मोकळे, दुसऱ्याच्या वेलाच्या मुळाशी वाकून हळदकुंकवाच्या काकड्या गोणीत भरणारी बाई. मी सांगायला तोंड उघडलं तोवर ती ओरडत वाडीभर गेली.

दुपारपर्यंत माझं बोट वाईट होतं, संध्याकाळपर्यंत मी करणी करणारी झाले.

४ ऑगस्ट

सासूबाईंनी आज चुलीपाशी बसवून सांगितलं. ओरडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "अक्षदाच्या सातव्याला तू घरात नको. दोन दिस बिरवाडीला जा. तोवर तिच्या वाऱ्याला उभी राहू नको."

मी विचारलं, माझ्यामुळे तिला काय होणार आहे? त्यांनी लाकूड आत सारलं. मी परत विचारलं. म्हणाल्या, काय होणार ते तुला म्हायती हाय.

ओटीला थोरली जाऊ नको. पहिली ओटी तिनेच भरायची असते, आणि तीच नको. मी उठून मांडवात गेले आणि उगाचच दोन बांबूंच्या गाठी सोडून परत बांधल्या.

७ ऑगस्ट

दीपेश सुट्टीला आला. सगळं त्याच्या कानावर आधीच गेलेलं. म्हणाला, आईचं वय झालंय, ये दोन दिवस खोलीवर, महाडला सिनेमा बघू. मी म्हटलं, म्हणजे त्यांनी मला घराबाहेर काढायचं आणि तू मला पॉपकॉर्न घालायचं. तो माठाकडे गेला. चांगला माणूस आहे, पण भांडण दिसलं की त्याला तहान लागते, उठून पाणी प्यायला जातो.

जाताना म्हणाला, "मागच्या वेळेसारखं मनाला लावून घेऊ नको."

मागच्या वेळचं मी इथे लिहिणार नाही. दोन वेळा. बस.

१३ ऑगस्ट

सापळ्यात नर पडतायत, पण माद्यांसाठी वेगळा बंदोबस्त हवा. काकडीला पिशवी घालायची. बिरवाडीत ब्लाऊज शिवायचे, त्यांच्या अस्तराचे तुकडे पेटीभर आहेत. आधी मच्छरदाणीच्या पिशव्या करून पाहिल्या. जाळी फळाला टेकली की माशी बाहेरूनच टोचते, बया भारी हुशार. मग अस्तराच्या शिवल्या, पण घाई करून फुलालाच घातल्या, तर काकडी धरलीच नाही. आता जमलंय. फूल कोमेजलं, फळ बोटभर झालं, की लगेच पिशवी, वरून नाडी. खाली जागा सोडायची, वाढायला.

लाल, पिवळ्या, निळ्या पिशव्या मांडवाला लोंबतायत. रस्त्याने जाणाऱ्या बायका हसतात. आवडीकाकी आज मला ऐकू जाईल अशा बेताने कोणाला तरी म्हणाली, काकड्यांना झबली शिवते, स्वतःला पोर नाय ना.

मी शिवणयंत्रावर पाय मारत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं, आलं तर आलं. पुढची पिशवी जास्त चांगली झाली.

अक्षदा नाड्या कापून द्यायला बसते. सासूबाई रागावल्या तरी बसते. शिवथरची पोरगी आहे, हट्टी. आज मध्येच माझा हात धरून म्हणाली, ताई, लाथ मारतंय, बघ ना हात लावून. माझे हात मातीने भरलेले होते. धुवून येते म्हटलं. धुवायला गेले ती तिकडून मांडवात गेले, दोन नाड्या सैल झाल्या होत्या. परत आले तोवर ती झोपली होती.

१८ ऑगस्ट

मी एक गंमत चालवली आहे. रोज सकाळी बायका पाण्याला निघाल्या की मांडवात उभी राहते. पिशवी घातलेल्या काकड्यांना एकेक करून सरळ बोट दाखवते, मोठ्याने मोजत. एका वेलाला मुद्दाम पिशव्या घातलेल्या नाहीत. त्याच्यासमोर गेले की बोट छान वाकडं करते, आकडा करून, अगदी रीतीने. वर नमस्कारही करते. सरळ बोटाने तूप निघत नाही म्हणतात. बघू काकडी कुठल्या बोटाने येते.

सापळ्यापाशी एक गोष्ट लक्षात आली. सासूबाई अजून गळालेल्या काकड्या ओवाळून बुंध्याशी ठेवतात, माझ्या डोळ्यांदेखत. पण सकाळी जाऊन बघते तर तिथे काही नसतं. डुकरं येत असणार. माझी गोणी मात्र काल अर्धी होती, आज भरलेली वाटते. पावसाने फुगली असेल. सासूबाईंचा पदर हल्ली सारखा चिखलाने भरलेला असतो, गुडघे दुखतात म्हणतात आणि ओल्यात कुठे फिरतात देव जाणे.

२४ ऑगस्ट

आज वाडी जमवली. जमवली म्हणजे आवडीकाकीला कुंपणावरून हाक मारली, बाकीच्या आपोआप आल्या. एकेक पिशवी सोडून दाखवली. हातभर काकड्या, सरळसोट, हिरव्यागार, एकीलाही डाग नाही. म्हटलं, या सरळ बोटाच्या. मग शेवटच्या वेलापाशी नेलं. तिथल्या सगळ्या वाकड्या, पिवळ्या, गळालेल्या. म्हटलं, या वाकड्या बोटाच्या. मी रोज नमस्कार करत होते, तुम्ही पाहिलंय.

संध्याकाळी आवडीकाकी मागच्या दाराने आली आणि पदरात हात लपवून म्हणाली, एक झबलं दे गो, माप घ्यायला. मी चार दिली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. देताना नाक थोडं वर होतंच माझं, असू दे.

मग सासूबाईंपुढे जाऊन बसले. म्हटलं, आई, आता तरी कळलं ना? मला वाटलं, झालं, जिंकले. त्यांनी तांदळातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाल्या, "काकडीचं समजलं मला. काकडी वेगळी, पोर वेगळं."

३० ऑगस्ट

गणपतीत लिहायला वेळ मिळाला नाही. राहुल आलाय, दीपेश आलाय, कुलूप लावलेली घरं उघडलीत. माझ्या काकड्या घरोघरी नैवेद्याच्या ताटात गेल्या, कोणी नको म्हटलं नाही. खायला माझं बोट चालतं.

अक्षदाचं सातवं चार तारखेला ठरलं, मुंबईकर आहेत तोवर. दुसऱ्या दिवशी ती माहेरी शिवथरला जाणार. सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, तीन तारखेची गाडी पकडशील ना बिरवाडीला? राहुल म्हणाला, वैनी, टेन्शन नको घेऊ, दोन दिवस अ‍ॅडजस्ट कर ना. दीपेश पाणी प्यायला उठला.

मी म्हटलं, "मी जाणार नाही. हे माझंही घर आहे. गाडीत बसवायचं असेल तर उचलून बसवा." अक्षदा दारात उभी होती. तिच्याकडे मी बघितलं नाही.

२ सप्टेंबर

आज खरं लिहिते.

वाडीपुढे मी पहिलवान. पण हे असं पान पुढ्यात आलं की जमत नाही. माशी मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून मी काकडीबद्दल एवढी छाती काढून बोलते. माझ्या दोन वेळची माशी कुठे पाहिली मी? डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, कारण सापडत नाही. कारण सापडत नाही म्हणजे काहीही असू शकतं. दुसऱ्या वेळी तर मी खूश होऊन सगळ्यांना सांगत सुटले होते, स्वतःच्या पोटावर हात ठेवून.

आणि अक्षदाला काही झालं तर?

असलं काही मनात आणायचं नाही. मी ठरवलंय, मी गावातच राहणार. चार तारखेला मांडवात बसणार, काकड्या काढणार, माझ्या स्वतःच्या मांडवात, बघू कोण उठवतं ते. घरात त्या गर्दीत जायची तशीही गरज नाही. वाडीला कळेल की वैशाली पळाली नाही.

४ सप्टेंबर

सकाळपासून मांडवात होते. घरातून बायकांचे आवाज येत होते, बांगड्यांचे, हसण्याचे. कोणीतरी ओटीचं गाणं धरलं. मी पिशव्या सोडून तयार काकड्या टोपलीत ठेवत होते. काम भरपूर होतं. बराच वेळ तीच पिशवी सोडत होते, हे नंतर लक्षात आलं.

गाणं मध्येच थांबलं. वळून बघते तर अक्षदा. हिरवी साडी, काठ चिखलाने भरलेले, फुलांची वाडी एका कानावर घसरलेली, पाय अनवाणी. पाटावरून उठून आली होती. मागे ओटीचं ताट घेऊन सासूबाई, त्यांच्यामागे सवाष्णी, आवडीकाकी, आणि छत्री घेऊन धावणारा राहुल.

मांडवाच्या तोंडाशी येऊन ती थांबली. दम लागला होता. म्हणाली, "ताई, माझ्या पोटाला बोट दाखव."

सासूबाई म्हणाल्या, अक्षदा, घरात चल गो. आवाज फाटला होता. त्यांच्या हातातलं ताट हलत होतं, त्यातला नारळ वाटीवर आपटत होता. इतके दिवस मला वाटायचं ह्या माझ्यावर रागावल्यात. राग नव्हता तो. बाई घाबरलेली होती.

अक्षदा त्यांच्याकडे वळली. "आई, आज हिला लांब ठेवलं तर उद्या पोर शिंकलं तरी हिचंच नाव घ्याल तुम्ही. माझ्या पोराला काकूची भीती घालून नाय वाढवायचं मला. जे काय व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे."

पाऊस मांडवाच्या पानांवर वाजत होता. मी टोपली खाली ठेवली, हात पदराला पुसला आणि उचलला.

आणि बोट वाकलं.

मी वाकवलं नव्हतं. शप्पथ. वाडीसमोर रोज ताठ उभं राहणारं माझं बोट तिच्या पोटासमोर गेलं आणि आपलं आपण आकडा होऊन बसलं. सगळ्यांनी पाहिलं. आवडीकाकीने पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात मातीचे आहेत, कपडे ओले आहेत, चिखल आहे, नाड्या सैल झाल्यात. दीड महिना मी हे का म्हणत होते ते मला तिथे उभं राहून कळलं. मला कोणी लांब ठेवायच्या आधीच मी लांब जाऊन उभी राहिले होते.

अक्षदा हसली नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "सरळ कर. मी थांबते."

ती थांबली. पावसात, सातव्या महिन्यात, अनवाणी. मी बोटाकडे बघत होते. ते माझं नाहीच असं वाटत होतं. त्या दोन वेळा आठवल्या, दोन्ही, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यात माझं बोट कुठेच नव्हतं. फक्त मी होते, आणि मी काही केलं नव्हतं. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, मी पण नाही. रडू फुटलं, तसंच फुटू दिलं. आणि रडता रडता बोट सरळ केलं.

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी नुसतं दाखवून थांबले नाही. पुढे झाले आणि तिच्या पोटावर टेकवलं. मग सगळा हात ठेवला, मातीचा होता तसाच. हिरव्या साडीवर पाची बोटं उठली.

ओटी मांडवातच भरली. मीच भरली. पाट नव्हता, टोपली पालथी घालून तिला बसवलं.

५ सप्टेंबर

अक्षदा सकाळी शिवथरला गेली. साडी धुवू दिली नाही तिने, तशीच पिशवीत घातली.

घर रिकामं झालं. मुंबईकर गेले, दीपेशही कंपनीत गेला. मी आणि सासूबाई पडवीत चहा घेऊन बसलो. बाळंत व्हायला अजून दोन-अडीच महिने आहेत. या दिवसांत काहीही झालं तर वाडी माझंच नाव घेणार, आता तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. घेऊ दे. मी कुठे जाणार नाही.

मी म्हटलं, आई, रविवारी मी शिवथरला जाऊन येणार आहे तिच्याकडे. वाटलं, आता पुन्हा सुरू होईल. त्या कप खाली ठेवून म्हणाल्या, मी पण येते.

मी म्हटलं, तुम्हाला भीती वाटत असेल तर नका येऊ.

"वाटतेय," त्या म्हणाल्या, "म्हणून तर येते."